स्वॅप फेल झाला? पुन्हा बटण दाबण्याआधी या चुका टाळा

यूपीआयची सवय झालेल्या माणसाला डिसेंट्रलाइज्ड एक्स्चेंजवरचा (मध्ये कंपनी नसलेल्या क्रिप्टो बाजारातला) पहिला फेल स्वॅप, म्हणजे एक टोकन देऊन दुसरं घेण्याचा फसलेला सौदा, चांगलाच झोंबतो. यूपीआयवर पेमेंट अडकलं तर पैसे आज ना उद्या खात्यात परत येतात. इथे टोकन जागच्या जागी राहतं, पण गॅस गेलेला असतो, आणि तो परत मागायला कस्टमर केअरही नसतं. गॅस म्हणजे व्यवहार चालवून पाहण्याची मजुरी. शेवटच्या पायरीवर कॉन्ट्रॅक्टने (सौदा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामने) सगळं रद्द केलं तरी तोवरचं काम झालेलंच असतं, म्हणून मजुरी कापली जाते.

ही मजुरी किती? इथेरियमवर साधा इथर (तिथलं मूळ नाणं) पाठवायला २१,००० युनिट गॅस लागतो, स्वॅपला साधारण एक ते दोन लाख. दर युनिटला २० ग्वेई (एक ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग) असेल तर दीड लाख युनिटच्या स्वॅपला ०.००३ इथर पडतात. पॉलिगॉन, बेस किंवा आर्बिट्रम या दुसऱ्या नेटवर्कवर हाच खर्च त्यामानाने अगदी किरकोळ असतो. थोडक्यात, फेल स्वॅपचा फटका बसला तरी तो मर्यादित असतो. खरा खड्डा पडतो त्यानंतर: माणूस चिडतो, स्लिपेज (भावातल्या फरकाला दिलेली सूट) वाढवतो, तेच बटण तीनदा दाबतो, मग टेलिग्रामवर मदत मागतो.

कारण न वाचता पुन्हा प्रयत्न करणं

वॉलेटमधली लाल पट्टी काहीच सांगत नाही. ट्रॅन्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख क्रमांक) कॉपी करा आणि त्या नेटवर्कच्या एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, टाका: इथेरियमसाठी इथरस्कॅन, बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन, पॉलिगॉनसाठी पॉलिगॉनस्कॅन. हॅश तिथे सापडतच नसेल तर व्यवहार नेटवर्कपर्यंत पोचलेलाच नाही आणि गॅसही गेलेला नाही. ‘पेंडिंग’ दिसत असेल तर तो फेल झालेला नाही, रांगेत आहे. ‘फेल’ दिसत असेल तर बहुतेक वेळा शेजारीच कारण लिहिलेलं असतं.

यूनिस्वॅप आणि त्याच्या धर्तीवर बांधलेल्या एक्स्चेंजवर नेहमी भेटणारे संदेश मोजकेच आहेत. ‘इनसफिशियंट आउटपुट अमाउंट’ किंवा ‘टू लिटल रिसीव्ह्ड’ म्हणजे तुम्ही मान्य केलेल्या किमान रकमेपेक्षा कमी टोकन मिळणार होते, म्हणून कॉन्ट्रॅक्टने सौदा मोडला. ‘ट्रान्सफर फ्रॉम फेल्ड’ म्हणजे तुमच्या वॉलेटमधून टोकन उचलताच आले नाहीत: एक तर अप्रूव्हल (टोकन उचलायची परवानगी) नाही, किंवा शिल्लक कमी, किंवा टोकननेच अडवलं. ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे मुदत उलटली. स्वॅपला साधारण २० ते ३० मिनिटांची डेडलाइन लावलेली असते आणि गॅसचा दर कमी ठेवून व्यवहार पडून राहिला की ती संपते. ‘आउट ऑफ गॅस’ तर नावातच आहे. तिथे गॅस लिमिटच्या जवळजवळ शंभर टक्के वापर दिसेल, आणि हा एकच प्रकार असा की गॅस लिमिट वाढवून खरोखर फरक पडतो.

बाकीच्यांत पडत नाही. वॉलेट आधीच ‘हा व्यवहार फेल होण्याची शक्यता आहे’ असं बजावतं किंवा गॅसचा अंदाज भलताच अवाढव्य दाखवतं, तेव्हा त्याने चाचणी करून पाहिलेली असते आणि ती फसलेली असते. तरीही हाताने गॅस लिमिट भरून व्यवहार रेटणारे कमी नाहीत. हे निव्वळ पैसे जाळणं आहे.

स्लिपेज वाढवणं हा सगळ्यावरचा इलाज समजणं

‘स्लिपेज वाढव, होऊन जाईल’ हा सल्ला कुठल्याही क्रिप्टो ग्रुपवर पहिल्या उत्तरातच मिळतो. माझ्या मते नव्या माणसाला देण्याजोगा याहून वाईट सल्ला नाही.

स्लिपेज म्हणजे तुम्ही किती नुकसान सोसायला तयार आहात याची लेखी कबुली. १,००० यूएसडीटी (एक डॉलरच्या आसपास राहणारं स्टेबलकॉइन) मिळणार असं स्क्रीनवर दिसतंय आणि स्लिपेज ०.५ टक्के आहे, तर कॉन्ट्रॅक्ट ९९५ च्या खाली सौदा होऊ देणार नाही. तेच ४९ टक्के केलंत तर ५१० मिळाले तरी व्यवहार यशस्वी! हिरवी खूण येईल, कुठेही एरर दिसणार नाही.

आणि ही कबुली खासगी राहत नाही. सामान्य मार्गाने पाठवलेला व्यवहार ब्लॉकमध्ये जाण्याआधी मेमपूलमध्ये, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांच्या रांगेत, सगळ्यांना दिसतो. तिथे बॉट टपून असतात. तुमची सूट मोठी दिसली की बॉट तुमच्या आधी खरेदी करून भाव चढवतो, तुम्हाला तुमच्या मर्यादेच्या काठावरच्या भावात घ्यायला लावतो आणि लगेच मागून विकून मोकळा होतो. याला सँडविच हल्ला म्हणतात. मार्च २०२५ मध्ये एकाने यूनिस्वॅपवर सुमारे २ लाख २० हजार डॉलरचे यूएसडीसी देऊन यूएसडीटी घ्यायचा प्रयत्न केला. दोन्ही टोकन एक डॉलरच्या आसपास असणारी, म्हणजे खरं तर सगळ्यात निर्धोक जोडी. हातात आले सव्वापाच हजार डॉलरच्या आसपास. तो स्वॅप फेल झाला असता तर बरं झालं असतं.

मग स्लिपेज किती ठेवायचं? स्टेबलकॉइनच्या जोडीला ०.१ टक्का पुष्कळ. इथर किंवा तत्सम मोठ्या टोकनना ०.५. छोट्या, उड्या मारणाऱ्या टोकनना १ ते ३. याच्या वर जायची वेळ आली तर आधी दुसरीकडे पाहायचं: पूलमध्ये, म्हणजे टोकनच्या ज्या साठ्यातून सौदा होतो त्यात, माल आहे का?

कारण बऱ्याचदा दोष स्लिपेजचा नसतोच, पूल उथळ असतो. यूनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीसारख्या पूलमध्ये दोन्ही टोकनच्या साठ्यांचा गुणाकार कायम राखला जातो आणि त्यावरून भाव ठरतो. समजा पूलमध्ये १० लाख टोकन आणि १०० इथर आहेत. स्क्रीनवरचा भाव एका इथरला १०,००० टोकन. तुम्ही १० इथर टाकलेत तर एक लाख टोकन मिळायला हवेत, पण फी सोडूनही हातात येतात ९०,९०९. हा नऊ टक्क्यांचा फरक ‘प्राइस इम्पॅक्ट’ म्हणून दिसतो आणि तो तुमच्याच खरेदीने पडलेला असतो. इथे सौदा तुकड्यांत पाडा, किंवा वेगवेगळ्या पूलमधून माल उचलणारा अॅग्रिगेटर वापरा. रक्कम मोठी असेल तर वॉलेटच्या सेटिंगमध्ये फ्लॅशबॉट्स प्रोटेक्टसारखा खासगी मार्ग लावा. व्यवहार उघड मेमपूलमध्ये जातच नाही, आणि फसणार असलेला व्यवहार सहसा ब्लॉकमध्येही घेतला जात नाही, म्हणून गॅसही वाचतो.

टोकनचा स्वभाव न तपासणं

काही टोकन प्रत्येक हस्तांतरणावर स्वतःचा कर कापतात. मार्च २०२१ मध्ये आलेलं सेफमून हे त्यातलं गाजलेलं नाव. प्रत्येक व्यवहारावर १० टक्के कपात, त्यामुळे पॅनकेकस्वॅप या एक्स्चेंजवर ११-१२ टक्के स्लिपेज ठेवल्याशिवाय ते मिळतच नसे. अशा टोकनला स्लिपेज करापेक्षा एखाद टक्का जास्त ठेवावं लागतं, हा वर सांगितलेल्या नियमाला अपवाद. सोबत दोन गोष्टी: ‘इतके टोकन हवेत’ असा आकडा खालच्या खान्यात भरू नका, ‘इतके देतो’ असा वरच्या खान्यात भरा, आणि यूनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीचे पूल अशा टोकनसाठी बनलेलेच नाहीत, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीचा पूल शोधा. सगळी शिल्लक विकताना स्वॅप अडत असेल तर १०० ऐवजी ९९ टक्के विकून पाहा. राउंडिंगमुळेही गाडी अडते.

खरेदी झटक्यात होते आणि विक्री कुठल्याच स्लिपेजला होत नाही, तेव्हा मात्र सेटिंगशी खेळणं थांबवा. तो बहुधा हनीपॉट आहे: कॉन्ट्रॅक्टच असा लिहिलाय की बाहेर पडायचं दार बंद. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये स्क्विड नावाचं टोकन २,८६१ डॉलरपर्यंत चढलं आणि काही मिनिटांत शून्याजवळ आलं. विकायला गेलेल्यांना त्याआधीच अडचण येत होती. विक्रीसाठी ‘मार्बल्स’ नावाचं वेगळं टोकन लागतं अशी अट घातलेली होती. खरेदीआधी एक्सप्लोररवर त्या टोकनच्या विक्रीचे व्यवहार पाहायचे. वेगवेगळ्या पत्त्यांवरून विक्री होताना दिसली नाही तर तिथे पैसे टाकू नका. आणि टोकन कधीही नावाने शोधू नका. एकाच नावाची दहा टोकन कुणीही बनवू शकतं. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरून किंवा कॉइनगेको या क्रिप्टोची माहिती देणाऱ्या साइटवरून घ्या.

पॉलिगॉनवर आणखी एक गोंधळ आहे. तिथे दोन यूएसडीसी आहेत: ब्रिजवरून (दुसऱ्या चेनवरून टोकन आणणाऱ्या सेवेतून) आलेलं जुनं, ज्याला आता यूएसडीसी.ई म्हणतात, आणि २०२३ मध्ये सर्कल या यूएसडीसीच्या कंपनीने थेट आणलेलं नवं. पत्ते वेगळे, पूल वेगळे. मोठा पूल एकाचा आणि शिल्लक दुसऱ्याची असं झालं की भाव विचित्र दिसतो. तिथला गॅसही सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकऐवजी पोलमध्ये लागतो, हे जुने यूट्यूब व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना माहीत नसतं.

अप्रूव्हलमधले खाचखळगे

स्वॅपच्या आधी टोकन उचलायची परवानगी द्यावी लागते, आणि त्याचा गॅस वेगळा. अप्रूव्हल पेंडिंग असतानाच स्वॅप दाबला तर तो फसू शकतो. इथेरियमवरच्या यूएसडीटीची खोड याहून चमत्कारिक आहे: आधी दिलेली परवानगी शून्यावर आणल्याशिवाय तिचा आकडा बदलता येत नाही. १०० यूएसडीटीची परवानगी शिल्लक आहे आणि आज ५०० चा स्वॅप करायचाय, तर जुनी आधी रद्द करायची, मग नवी द्यायची. ‘अप्रूव्ह सारखं फेल होतंय’ या तक्रारीमागे कितीदा तरी हेच निघतं.

या कटकटीला कंटाळून लोक अमर्याद परवानगी देऊन ठेवतात. कॉन्ट्रॅक्टमध्ये पुढे भोक सापडलं तर तीच महागात पडते. लागेल तेवढीच द्या आणि जुन्या परवानग्या अधूनमधून रद्द करत चला. इथरस्कॅनवर त्यासाठी सोय आहे.

अडकलेल्या व्यवहारावर आणखी व्यवहार चढवणं

प्रत्येक पत्त्यावरून जाणाऱ्या व्यवहारांना क्रमांक असतो, त्याला नॉन्स म्हणतात. आधीचा क्रमांक अडकला तर पुढचे सगळे थांबतात. स्क्रीन फिरत राहिली म्हणून तुम्ही स्वॅप तीनदा दाबलात आणि डेडलाइन संपण्याआधी गॅसचा दर उतरला, तर तिन्ही एकामागोमाग पार पडू शकतात. थोड्या वेळाने पाहावं तर तिप्पट खरेदी. अशा वेळी वॉलेटमधलं ‘स्पीड अप’ किंवा ‘कॅन्सल’ वापरा. दोन्हींत तोच क्रमांक जास्त दराने पुन्हा पाठवला जातो. दर निदान १० टक्के वाढवावा लागतो, नाहीतर बहुतेक नोड तो घेतच नाहीत. कॅन्सललाही गॅस लागतो.

वॉलेटमध्ये गॅस भरायला लागणारं मूळ नाणंच नसणं ही सगळ्यात साधी चूक. यूएसडीटी आहेत पण इथर, बीएनबी किंवा पोल शून्य, तर काहीच हलणार नाही. सोलानावर फेल व्यवहाराची मूळ फी अवघी ०.०००००५ सोल, पण नवं टोकन पहिल्यांदा घेताना त्याचं खातं उघडायला सुमारे ०.००२ सोल अडकतात. तेवढे नसले की स्वॅप फसतो. एका चेनवरून दुसऱ्या चेनवर जाणारा स्वॅप असेल तर ‘इकडून गेलं, तिकडे आलं नाही’ म्हणजे फेल नव्हे. ब्रिजचं स्टेटस पाहा आणि पुन्हा पाठवू नका.

मदतीसाठी चारचौघात ओरडणं

टेलिग्राम किंवा एक्सवर ‘माझा स्वॅप फेल झाला’ असं लिहिलंत की लगेच कुणीतरी ‘ऑफिशियल सपोर्ट’ इनबॉक्समध्ये हजर होतो. प्रोफाइलला वॉलेटचा लोगो, भाषा अदबशीर. मग एक लिंक येते: वॉलेट सिंक करा, व्हॅलिडेट करा. तिथे १२ किंवा २४ शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेटची गुरुकिल्ली) मागतात. तो दिला की वॉलेट तुमचं राहिलं नाही. स्वॅप दुरुस्त करायला सीड फ्रेज लागतो अशी कुठलीही परिस्थिती अस्तित्वात नाही. दिलाच असेल तर उरलेलं सगळं ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

रिटर्न भरताना

भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एक टोकन देऊन दुसरं घेणं हेही हस्तांतरणच धरलं जातं. वजावट मिळते ती फक्त खरेदीच्या किमतीची, त्यामुळे फेल स्वॅपमध्ये गेलेला गॅस खर्च म्हणून दाखवता येईल या आशेवर राहू नका. एक्सप्लोररवरून उतरवलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये फेल व्यवहारही यशस्वी व्यवहारांच्या ओळीत बसलेले असतात. सीएकडे फाइल देण्याआधी स्टेटसचा रकाना लावून ते वेगळे काढा, नाहीतर जो सौदा झालाच नाही तोही हिशेबात धरला जाईल.