चुनखडीयुक्त प्रेअरीवर माजलेली झुडपे कशी हटवावीत

अमेरिकेच्या दक्षिणेत, टेक्ससच्या ब्लॅकलँड पट्ट्यापासून लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामापर्यंत, चुनखडीयुक्त जड चिकणमातीवरील प्रेअरी, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळ, आता तुकड्यातुकड्यांनीच उरली आहे. अधूनमधून लागणाऱ्या आगी पूर्वी झुडपांना वाढू देत नसत. आग थांबली की काही दशकांतच तेथे ईस्टर्न रेड सीडर हे सदाहरित झाड, काटेरी हॉथॉर्न, खरबरीत पानांचे डॉगवुड, पानझडी हॉली आणि रानप्लम यांची जाळी माजते. मात्र अशी जागा परत मिळवण्याची सुरुवात आगीने करू नये. दाट सावलीत गवत मेलेले असते आणि गवताच्या इंधनाशिवाय आग पसरतच नाही.

प्रथम माती पाहावी. प्रेअरीची माती ओली असताना बुटाला चिकटते, सुकली की तिला खोल भेगा पडतात, आणि पांढरट खड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की फेस येतो. मग झुडपांखाली वाकून लिटल ब्लूस्टेम या प्रेअरी गवताचे ठोंब किंवा सिल्फियम या रानफुलाची खरखरीत पाने शोधावीत. जेथे ती अजून जिवंत आहेत, तेथूनच काम सुरू करावे. सीडरच्या जुन्या, गच्च राईकडे नंतर वळावे.

तोडताना एक भेद कायम लक्षात ठेवावा. सीडर सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापला की मरतो, त्याला औषध लागत नाही. डॉगवुड, हॉथॉर्न, प्लम आणि सुमाक या झुडपांचे तसे नाही. नुसते कापल्यास एका खोडाच्या जागी फुटव्यांचा झुबका उभा राहतो, म्हणून काप ताजा असतानाच, सालीच्या लगतच्या कडेवर, बुंध्यासाठी मान्यता असलेले तणनाशक ब्रशने लावावे. फवारणी टाळावी, कारण शेजारची रानफुले वाचवण्यासाठीच तर हा खटाटोप आहे. ट्रॅक्टर फक्त कोरड्या जमिनीवर न्यावा. ओल्या चिकणमातीत उमटलेल्या चाकोऱ्या वर्षानुवर्षे बुजत नाहीत. तोडलेल्या फांद्यांचे मोठे ढीग गवतावर जाळू नयेत, त्या उष्णतेने खालचे बीही भाजून निघते. फांद्या ओढून बाहेर काढाव्यात.

गवत पुरेसे दाट झाले की नियंत्रित आग लावावी. त्यासाठी राज्याच्या नियमांप्रमाणे परवानगी, प्रशिक्षित माणसे, जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) आणि त्या दिवसाचा वारा व आर्द्रता या सर्वांची खातरजमा आधीच करावी. सीडरची कोवळी रोपे या आगीत मरतात. फुटवे मात्र मुळांतून परत येतात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी आग द्यावी लागते. संपूर्ण तुकडा एकाच वेळी जाळू नये, कारण वाळलेल्या काड्यांत कीटक हिवाळा काढतात.

प्रत्येक झुडूप शत्रू मानणे हीही चूकच ठरेल, असे मला ठामपणे वाटते. लॉगरहेड श्राइक हा खाटीक पक्षी टोळ आणि सरडे काट्यांवर टोचून ठेवतो. त्याच्यासाठी कडेचे काही जुने हॉथॉर्न तोडणीपूर्वीच फीत बांधून राखून ठेवावेत.