जुन्या गाडीचा इग्निशन स्विच बदलताय? या चुका टाळा

चावी फिरवली आणि गाडी ढिम्म राहिली की पहिला संशय इग्निशन स्विचवर जातो. पण जुन्या गाडीत हीच तक्रार सैल बॅटरी टर्मिनल, गंजलेली अर्थची पट्टी किंवा झिजलेला सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) यांच्यामुळेही येते. म्हणून या कामातली सगळ्यात महागडी चूक पाना हातात घेण्याआधीच होते: न मोजता स्विचला दोषी ठरवणं.

स्टार्टर फिरतच नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि सोलेनॉइडच्या ज्या छोट्या टर्मिनलवर स्विचकडून वायर येते, तिथे बॅटरीच्या लाइव्ह टोकापासून एका वायरने क्षणभर सप्लाय द्या. स्टार्टर फिरला, तर बिघाड स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरमध्ये आहे. नाही फिरला, तर स्विच तसाच राहू द्या आणि बॅटरी, अर्थ, सोलेनॉइड या क्रमाने तपासा.

स्टार्टर फिरतो पण इंजिन अडखळतं, मधेच बंद पडतं, अशी तक्रार असेल तर मल्टिमीटर लागेल. चावी ऑन करून एक प्रोब स्विचच्या बॅटरी टर्मिनलवर आणि दुसरा इग्निशन टर्मिनलवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर स्विच ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेले आहेत. इथे बरेच जण फसतात. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, म्हणजे ठिणगी बनवणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, त्या क्षणी उघडे असतील, तर कॉइलमधून करंट वाहतच नाही आणि खराब स्विचही चांगला भासतो. म्हणून वायपर किंवा पंखा, जे काही स्विचमधून चालतं ते चालू ठेवूनच मोजा. आकडा बघत चावी हलकेच हलवा. तो नाचायला लागला तर स्विच बदलायला झालाच आहे.

एक काळजी घ्या. पॉइंट असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून चावी बराच वेळ ऑन राहिली तर कॉइल तापते, पॉइंट जळतात. मोजमाप उरका आणि चावी लगेच बंद करा.

वायरिंगला हात लावण्याआधी

स्विचच्या बॅटरी टर्मिनलवर चावी बंद असतानाही पूर्ण सप्लाय असतो, आणि जुन्या गाड्यांत त्या वायरला बरेचदा फ्यूजच नसतो. ती बॉडीला टेकली तर अख्खा हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) जळू शकतो. बॅटरी सोडवल्याशिवाय हे काम करू नका, आणि सोडवताना अर्थची केबल आधी काढा. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा केबलचा रंग न बघता ती कुठे जाते ते बघा.

मग फोटो काढा आणि प्रत्येक वायरला टर्मिनलच्या नावाची चिठ्ठी लावा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगसंगतीत तपकिरी वायर कायम लाइव्ह, पांढरी इग्निशनची आणि पांढरी-लाल स्टार्टरची. जर्मन गाड्यांत ३०, १५ आणि ५० हे टर्मिनलवरचे आकडे त्याच क्रमाने तीच कामं सांगतात. पण इतक्या वर्षांत रंग विटतात आणि मधल्या मालकांनी मिळेल ती वायर जोडलेली असते. रंगावर विसंबू नका.

नवा स्विच दिसायला हुबेहूब असला तरी त्याच्या टर्मिनलांची मांडणी वेगळी असू शकते. बसवण्याआधी टेबलावरच मल्टिमीटरने प्रत्येक स्थितीत कोणतं टर्मिनल कोणाला जोडलं जातं ते लिहून काढा. स्टार्टच्या स्थितीत इग्निशनचा सप्लाय टिकतो का, हे मुद्दाम बघा. तो तुटत असेल तर इंजिन चावी सोडल्यावरच पेट घेईल. आणि स्टार्टवरून चावी स्प्रिंगने आपोआप परत येते ना? ती अडकली तर स्टार्टर इंजिनाबरोबर फिरत राहतो आणि वाया जातो.

काही गाड्यांत कुलूप आणि विजेचा स्विच हे दोन वेगळे भाग असतात. फक्त स्विच खराब असेल तर कुलूप बदलू नका, नाहीतर दारांची चावी वेगळी आणि गाडीची वेगळी होऊन बसते. कुलूप काढायचंच असेल तर अनेक मॉडेलांत बॅरलच्या (चावी जाते त्या नळकांड्याच्या) बाजूला बारीक भोक असतं. चावी ठरावीक स्थितीत ठेवून तारेने आतली पिन दाबली की बॅरल बाहेर येतं. जोर लावून उपटू नका.

सैल लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) मात्र कधीच तसे ठेवू नका. ढिली जोडणी तापते, आणि नवा स्विचही जुन्यासारखाच जळतो. पिळून टेप गुंडाळलेली वायर कापून नीट क्रिंप केलेला, म्हणजे दाबून पक्का बसवलेला, लग लावा. नंतर बसवलेले जादा दिवे किंवा हॉर्न या स्विचमधून चालत असतील, तर त्यांना रिले (जास्त करंट स्वतः वाहून नेणारा वेगळा विजेचा स्विच) लावा. बरेचदा मूळ स्विच त्या भारानेच गेलेला असतो.

बसवल्यावर तक्रार राहिली तर

इंजिन स्टार्टरवर पेटतं आणि चावी सोडताच बंद पडतं? बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला मिळणारा व्होल्टेज कमी करणारा भाग) असलेल्या गाडीत स्टार्ट करताना कॉइलला त्याला वगळून सप्लाय मिळतो, आणि चावी सोडल्यावर तो रेझिस्टरमधून येतो. म्हणून आधी रेझिस्टर तुटलाय का ते बघा. तो शाबूत असेल तर इग्निशनची वायर चुकीच्या टर्मिनलवर गेली आहे.

चावी बंद करूनही इंजिन थांबत नसेल, गाडीत अल्टरनेटर असेल आणि इग्निशनला कोणी रिले जोडला असेल, तर स्विच परत करायला धावू नका. चार्जिंगच्या दिव्यातून अल्टरनेटरचा उलटा सप्लाय येऊन रिलेला धरून ठेवतो. दिव्याच्या वायरमध्ये योग्य दिशेने एक डायोड लावला की हा उलटा रस्ता बंद होतो आणि चावी फिरवताच इंजिन थांबतं.