बुटका जपानी मेपल : बागेत आणि कुंडीत

पुण्या-मुंबईत राहत असाल तर या झाडाच्या नादी लागू नका. जपानी मेपल पानगळीचं झाड आहे. हिवाळ्यात काही आठवडे खरी थंडी मिळाली नाही तर ते पुढे धड फुटत नाही. न्यू जर्सी, लंडन किंवा सिअ‍ॅटलकडे मात्र जरूर लावा.

आधी जात ठरवा. कुंडीसाठी ‘मिकावा यात्सुबुसा’ किंवा ‘शार्प्स पिग्मी’ घ्या. दोन्ही फार सावकाश वाढतात. ‘शिशिगाशिरा’चीही वाढ मंद, पण कालांतराने ती बरीच उंच होते, म्हणून जमिनीत बरी. रोप बहुधा कलमी असतं. कलमाच्या सांध्याखालून फुटवे आले की लगेच काढा, नाहीतर खालचं जोमदार झाड वरच्याला दाबून टाकतं.

जागा सकाळच्या उन्हाची आणि दुपारच्या सावलीची हवी. कडक ऊन आणि कोरडा वारा लागला की पानांच्या कडा करपतात.

जमिनीत लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्या, पण खोली गड्ड्याएवढीच ठेवा. खोल पुरलेलं मेपल हळूहळू खंगतं. वर ५ ते ७ सेंटिमीटर सालीचं आच्छादन घाला, बुंध्याला मात्र ते टेकू देऊ नका.

कुंडी गड्ड्यापेक्षा थोडीच मोठी घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. मिश्रणात पाइनच्या सालीचा बारीक चुरा आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) हवं. तळाशी खडे घालायची आपल्याकडची सवय सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या जवळ येते. पाणी घालण्याआधी बोट खुपसून बघा. खत वसंतात एकदा, सावकाश विरघळणारं, तेही बेताचं.

खरी काळजी हिवाळ्यात. फांद्या कडाका सोसतात, मुळं तेवढा सोसत नाहीत. जमिनीत त्यांना मातीची ऊब असते. कुंडीत थंडी चहूबाजूंनी शिरते आणि उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास मुळं मरू लागतात. पानं गळली की कुंडी हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये न्या. उबदार दिवाणखान्यात नको, तिथे झाडाची झोपमोड होते. अंधारात ठेवलं तरी चालतं, पण माती पूर्ण सुकू देऊ नका.

दर २-३ वर्षांनी, कळ्या फुगायच्या आधी, कुंडीतून काढून गुंतलेली मुळं छाटा आणि मिश्रण बदला. कोवळी पालवी फुटल्यावर रात्री हिमकण पडणार असतील तर तेवढ्यापुरती कुंडी आत घ्या.