मालवाहू विमानात गळती: कापड उचलण्याआधी कागद वाचा

पुण्यात डीजीचा, म्हणजे धोकादायक मालाचा, कोर्स करून नव्याने कार्गोत आलेल्यांना नऊ वर्ग तोंडपाठ असतात. खोकं ओलं दिसलं की मात्र हात आधी पुसायच्या कापडाकडे जातो. तो आवरायला शिका.

चाकण-भोसरीचा ‘फक्त मालवाहू विमान’ असं नारिंगी लेबल लावलेला माल प्रवासी विमानाच्या पोटात घालता येत नाही. तो बहुतेक वेळा ट्रकने मुंबईला जातो. घाटातल्या धक्क्यांनी झाकण सैल होतं, रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवरच्या, उन्हात द्रव फुगतो आणि वर गेल्यावर बाहेरचा दाब घटला की तो उरलेल्या फटीतून बाहेर येतो. म्हणूनच द्रवाच्या पॅकिंगला बहुतेक ठिकाणी 95 किलोपास्कल दाबफरक सोसावा लागतो आणि 55 अंशांनाही डबा काठोकाठ भरता कामा नये, असा नियम आहे. माल घेताना तळ, कोपरे आणि बाणांची दिशा बघाच. डाग असलेलं खोकं विमानात चढवायचं नाही. आधीच चढलं असेल तर उतरवायचं आणि त्याच खेपेतली बाकीची खोकीही तपासायची.

चढवलेल्या मालात गळती दिसली तर लोडरना मागे घ्या, सुपरवायझरला कळवा, खोक्यावरचा यूएन नंबर, म्हणजे त्या पदार्थाचा ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, लांबूनच वाचा आणि नोटॉकशी, म्हणजे विमानातल्या धोकादायक मालाची वैमानिकाला दिलेल्या यादीशी, ताडून पाहा. त्या नंबरावरून ड्रिल कोड, म्हणजे आणीबाणीत काय करायचं ते सांगणारा कोड, मिळतो. अॅसिड भरलेल्या बॅटऱ्या, यूएन 2794, यांचा कोड 8एल. रंग, यूएन 1263, यांचा 3एल. कोडमध्ये 3 आकडा, म्हणजे पेट घेणारा द्रव, दिसला की जवळच्या माल चढवायच्या यंत्राचं इंजिन बंद आणि मोबाइल लांब.

आता शोषक, म्हणजे सांडलेला द्रव टिपून घेणारा पदार्थ, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. हाताशी असलेला लाकडाचा भुसा सगळ्यावर टाकायचा नाही. नायट्रिक अॅसिड ऑक्सिडायझर आहे, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला जळायला मदत करतं; भुशाशी त्याचा संबंध आला की भुसा तापतो, धुमसतो. 3 नोव्हेंबर 1973 ला बोस्टनजवळ पॅन अॅमचं मालवाहू 707 पडलं आणि तिघे वैमानिक-कर्मचारी गेले. अॅसिडच्या बाटल्या भुशात बांधल्या होत्या. अशा ठिकाणी वर्मिक्युलाइटसारखा न जळणारा शोषकच वापरा. बॅटरीच्या अॅसिडवर खाण्याचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत, मग लिटमसने तपासा. बॅटरी अल्कलीची असेल तर सोड्याचा उपयोग नाही, म्हणून लेबल आधी.

पारा सर्वांत फसवा. थेंब लहान दिसतो, पण अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर खरवडलेला असेल तर तो धातूशी मिसळून आतून पोखरत जातो. मजल्याच्या पट्ट्याखाली गेलेला थेंब कापडाने निघत नाही, उलट पसरतो. त्याला हात न लावता इंजिनिअरला बोलवा.

उड्डाणात धूर आला तर वैमानिक आधी ऑक्सिजन मास्क आणि गॉगल घालतात, विमान लवकरात लवकर उतरवायच्या तयारीला लागतात आणि एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, यूएन नंबर, वर्ग, प्रमाण व जागा सांगतात. मुख्य डेकवर, म्हणजे विमानातल्या वरच्या मोठ्या मालकक्षात, सहसा विझवणारा वायू नसतो. हवेचा प्रवाह तोडून आणि दाब उतरवून आग दाबावी लागते. त्यामुळे तुम्ही भरलेला नोटॉक अचूक असणं फार मोलाचं.

साफसफाई झाली तरी विमान लगेच सोडता येत नाही. फळ्या उचलून खालचा धातू पाहून इंजिनिअरने लॉगबुकमध्ये सही करेपर्यंत त्यावर माल चढवू नका.