पीआर कार्ड भारतात असताना संपलं, विमानात चढू देत नाहीत: माझा अनुभव

लक्षण: कॅनडाच्या पीआर कार्डाची (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायम रहिवासी असल्याचं ओळखपत्र) मुदत पुण्यात असतानाच संपली आणि चेक-इन काउंटरवरून परत पाठवलं. कार्ड संपलं म्हणजे कायम रहिवाशाचा दर्जा गेला असं नाही, पण काउंटरवर ते सांगून उपयोग शून्य.

जे चाललं नाही: व्हिजिटर व्हिसा पीआरला मिळत नाही. कार्डाचं नूतनीकरणही इथून होत नाही. अर्जदार कॅनडात लागतो.

उपाय: पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे चालू कार्ड नसताना कॅनडाला परतायला लागणारा कागद. क्रम असा.

आधी दिवस मोजा. दर्जा टिकायला मागच्या 5 वर्षांत 730 दिवस कॅनडात हवेत. माझे कमी भरत होते, पण कॅनडाची नागरिक असलेल्या बायकोसोबत परदेशात राहिलेले दिवसही धरतात. मात्र एकत्र राहत होतो हे कागदांनी दाखवावं लागतं. मी विवाह प्रमाणपत्र, तिचा पासपोर्ट, दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि संयुक्त खात्याची स्टेटमेंट्स जोडली. नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर विसंबू नका.

मग अर्जाचा फॉर्म. प्रवासाच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडूनच भरा. फी 50 डॉलर ऑनलाइन भरून पावती जोडली आणि कॅनडाच्या इमिग्रेशन पोर्टलवर अर्ज टाकला. पासपोर्ट मागवल्याचा मेल आल्यावरच तो व्हीएफएसमध्ये (व्हिसा अर्ज केंद्रात) दिला.

बहुतेकदा या कागदावर एकदाच प्रवेश मिळतो. म्हणून पोचल्यावर लगेच नवीन कार्डाचा अर्ज करा, आणि ते हाती येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका, घरात लग्न असलं तरी.