दुर्मिळ झाडांच्या बागेत जाताय? आधी पान कुठून सुरू होतं ते बघायला शिका

सह्याद्रीतली दुर्मिळ, संपत चाललेली झाडं जपणारी बाग बघायची तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनला जा. आधी वनस्पतिशास्त्र विभागात विचारून घ्या, सकाळी पोचा, वही-पेन्सिल न्या.

आत गेल्यावर पाटी लगेच वाचू नका. आणि "ॲपवर फोटो टाका, नाव कळतं" हा सल्ला तर अजिबात ऐकू नका, एकट्या पानाच्या फोटोवरून ॲप बिनधास्त चुकीचं नाव देतं आणि आपण तेच पाठ करून घरी येतो.

खरी अडचण पान ओळखण्यात आहे. काही झाडांचं एक पान बऱ्याच छोट्या पात्यांचं मिळून बनतं, त्यातल्या एका पात्याला पर्णिका म्हणतात. मी पहिली दोन वर्षं पर्णिकेलाच पान समजत होतो, अख्खी वही चुकीची भरली आणि ती पुन्हा लिहायला एक पावसाळा गेला. म्हणून सांगतो, देठाच्या मागे मागे बोटाने फांदीपर्यंत जा. जिथे देठ फांदीला चिकटतो तिथे, बगलेत, बारीकसा डोळा म्हणजे कळी दिसते. डोळा दिसला की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. डोळा नसेल तर ती नुसती पर्णिका, अजून मागे जा. हे न तोडता करायचं, पान तोडायचं नाही म्हणजे नाही.

सराव सीताअशोकावर करा. त्याच्या एका पानात पर्णिकांच्या जोड्या असतात, कोवळी पानं तांबूस, मलूल होऊन खाली लोंबतात, हात लावला तर ओल्या फडक्यासारखी मऊ. केशरी-लाल फुलांना पाकळ्या नसतातच, रंग असतो तो निदलांचा, म्हणजे एरवी पाकळ्यांच्या बाहेर असतात त्या भागांचा. सोसायटीच्या गेटजवळ सरळ उंच उभा असतो, ज्याला लोक अशोकच म्हणतात, तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला, त्याचं पान साधं, पर्णिका नसलेलं आणि कडा लाटांसारख्या. सीताअशोकाची साल औषधाला लागते म्हणून जंगलात झाडं सोलून सोलून संपवली, आणि बाजारात त्याच सालीत आसुपालवाची साल मिसळतात. हा फरक आपल्याला कळायलाच हवा!

नरक्या या सह्याद्रीतल्या लहान झाडाचंही तसंच, त्याच्यातल्या कॅम्पटोथेसिन या रसायनापासून कॅन्सरची औषधं बनतात आणि त्यासाठीच तो बेसुमार तोडला गेला.

आता पाटी वाचा, आपल्या नोंदीशी ताडून बघा.

खाली पडलेलं बी खिशात टाकू नका. या झाडांची पुढची रोपं त्याच बियांपासून करायची असतात.