परदेशी कंपनीची वस्तू घेताय? पैसे भरायच्या आधी एवढं बघून घ्या

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) धास्ती, आणि फवारणी आज घ्यायची का उद्या हे सगळं हवेवर, म्हणून दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतनं येणाऱ्या आत्तेभावाला सांगून एक छोटं वेदर स्टेशन, म्हणजे पाऊस-तापमान मोजणारं यंत्र, मागवलं. बांबूला बांधलं, मोबाईलवर ॲप टाकलं, आणि पत्ता भरायला बसलो तर झिप कोडच्या रकान्यात आकडे बसतायत पाचच. आपला पिन ४१६३१२, शेवटचा २ काही केल्या आत जाईना. पाऊस इंचात, तापमान फॅरनहाइटमध्ये, ते पण चालवून घेतलं. चार महिन्यांनी पाऊस मोजायची आतली वाटी अडकली, कंपनीच्या चॅटवर गेलो (तिथले सकाळचे नऊ म्हणजे थंडीत आपले रात्रीचे साडेदहा) तर उत्तर आलं की भारतात आम्ही पार्ट पाठवत नाही. ऐन डाऊनीच्या दिवसांत ते यंत्र नुसतं बांबूवर टांगलेलं होतं आणि आम्ही परत आभाळाकडं बघत बसलो, त्या आठवड्याचा राग अजून जात नाही.

कंपन्या आधी आपल्या घरचं गिऱ्हाईक बघतात, हे खरंच आहे. सोनीचा गेम खेळायचा प्लेस्टेशन ५ जपान-अमेरिकेत नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्याकडं फेब्रुवारी २०२१ ला. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं तरी आयफोनवाल्यांना त्याचं अपडेट डिसेंबरात मिळालं, हातात ५जी फोन असून दोन महिने ४जीवर. पण दरवेळी कंपनीच्याच नावानं बोटं मोडून उपयोग नाही. गुगलचा पिक्सेल ४ फोन २०१९ ला भारतात आलाच नाही, कारण त्यातला रडार ६० गिगाहर्ट्झवर चालायचा आणि ती लहर वापरायला इथं परवानगी नव्हती. आणि उलटं पण घडतं, नेटफ्लिक्सनं २०१९ ला १९९ रुपयांचा फक्त मोबाईलचा प्लॅन खास भारतासाठी काढला. म्हणजे गिऱ्हाईक मोठं दिसलं की लक्ष देतात, पण तोवर आपलं आपणच बघायला लागतं.

तर बघायचं कसं. आधी कंपनीच्या वेबसाइटवर देश बदलून भारत करा. वस्तू तिथं दिसतच नसेल तर इथं सर्व्हिस मिळेल ही आशा सोडा. दिसत असेल तरी थांबा, ज्या फीचरसाठी तुम्ही घेताय ते भारताच्या पानावर लिहिलंय का ते शोधा, कारण यूट्यूबवरचे बरेच रिव्ह्यू तिकडच्या मॉडेलचे असतात आणि तेच बघून आपण ऑर्डर मारतो.

मग लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, आणि शेतीचे सेन्सर घेणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचा. अमेरिकेतले बिनतारी सेन्सर बहुतेक ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात, भारतात अशा कामासाठी बिनपरवाना पट्टा आहे ८६५ ते ८६८. ९१५ च्या आसपास आपल्याकडं मोबाईल कंपन्यांचं काम चालतं, त्यामुळं ते यंत्र इथं लावणं कायद्यात बसत नाही. मला हे यंत्र बंद पडल्यावर कळलं, मागच्या लेबलवर बारीक अक्षरात ९१५ लिहिलेलं होतं आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं. पाहुण्यांकडून काहीही मागवायच्या आधी त्या लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, दोन मिनिटांचं काम आहे.

फोनचं पण तसंच. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलना सिमचा ट्रेच नाही, नुसती ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेली, काढता न येणारी सिम. आपल्याकडं ई-सिम मिळते, पण फोन बंद पडला की सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये घालायची ही आपली सवय तिथं चालत नाही, आणि ओटीपी, बँक सगळं त्या नंबरवर अडकतं.

वीज बघायला सोपं आहे, ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर घ्या, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर ते लावू नका.

भारतात विकायला आलेल्या मोबाईल, ॲडॉप्टर, पॉवर बँक असल्या वस्तूंवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा ते कळतं. बाहेरनं आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर पण पाहिजे. तो नंबर घ्यायच्या आधीच लावून बघा. कुणी उचलत नसेल तर नंतर पण उचलणार नाही.

दर महिन्याला पैसे कापणारं ॲप असेल तर डॉलरमध्ये कापतं का रुपयात, यूपीआय चालतं का हे विचारा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डवरनं आपोआप कापायला वेगळी मंजुरी लागते, ती सोय ज्या परदेशी कंपनीनं केलेली नाही तिथं पैसे कापले जात नाहीत आणि सेवा मधेच बंद होते.

बिल भारतातलं घ्या, थोडं महाग पडलं तरी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे सांगलीच्या ग्राहक आयोगात, पुण्या-मुंबईला जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ऑनलाइन घेतलं असेल तर ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल देणं त्या वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. आत्तेभावानं तिकडनं आणलेल्या वस्तूला यातलं काही नीट लागू होत नाही, बिल त्याच्या नावावर, दुकान तिकडं, मी धरणार कुणाला?

सर्व्हिस सेंटरचा बोर्ड सांगली-मिरजेत असला तरी तिथं दुरुस्ती होते का नुसतं गोळा करून पुढं पाठवतात, हे तोंडावर विचारा. यंदा नवं स्टेशन घेताना मी विकणाऱ्याला हा मेसेज टाकला होता, लागला तर असाच कॉपी करा: "हे मॉडेल ८६५-८६८ मेगाहर्ट्झचं आहे का? ॲपमध्ये सहा आकडी पिन आणि मिलिमीटर चालतं का? पाऊस मोजायची वाटी सुटी मिळते का, केवढ्याला, किती दिवसांत तासगावला पोचेल? बिल जीएसटीचं आणि माझ्या नावावर द्याल का? उत्तर लिहूनच द्या, फोनवर नको." तिघांना पाठवला, एकानंच सगळ्याची उत्तरं दिली, त्याच्याकडनंच घेतलं.